वाळूवरचा गिअर

जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या गाडीला थबकणे परवडत नाही. हाताने गिअर बदलताना क्लच दाबला, की इंजिन आणि चाके यांची क्षणभर फारकत होते. तेवढ्यात वाळू वेग गिळते आणि चाक रुतते. स्वयंचलित गाडीत ही फारकत जवळजवळ नसते, म्हणून चढणीवर तिची सरशी. मात्र दीर्घ ताणाने तिच्या गिअरपेटीतील तेल तापते. उतारावर इंजिनाचा लगाम आखडण्यास हातचा गिअरच अधिक विश्वासाचा. १९३० साली लिबियन वाळवंटात हातच्या गिअरच्या फोर्ड गाड्या नेणाऱ्या राल्फ बॅग्नोल्डने टायरांतील हवा कमी करण्याचा मार्ग अनुसरला. उंटाचे पाऊलही टेकताच पसरते, म्हणूनच तरते. चाकांचा ताठा ज्याने आधी उतरवला नाही, त्याला कोणताही गिअर तारीत नाही.