खचणारा वाफा

जूनमध्ये काठोकाठ भरलेला वाफा दिवाळीपर्यंत निम्म्यावर येतो आणि नवशिक्या बागकऱ्याचा चेहरा पडतो. विटांच्या चौकटीत पोती पोती पाला ठासला होता, गेला कुठे?

बराचसा हवेत गेला. पानं कुजवणारे जीव त्यांतला कर्ब खातात आणि श्वासावाटे सोडतात. तळाशी उरते ती काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानाचा वास येणारी माती. पंचगंगेकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत आषाढातलं पाणी दिवसेंदिवस तुंबतं आणि मिरचीची मुळं सडतात. तिथे वीतभर उंच उचललेला असा वाफा पीक वाचवतो.

कोल्हापुरात पालापाचोळ्याचा विषय निघाला की श्री. अ. दाभोळकरांचं (१९२४–२००१) नाव येतंच. मूळचे गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना आपापल्या बांधावर मोजमाप करायला लावलं. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागावी, हा त्यांचा हिशेब. त्यात गळलेल्या पानाला कचऱ्याच्या रकान्यात जागा नव्हती. ते झाडानं साठवलेलं ऊन होतं.

अर्थात पान म्हणजे पान, असं नसतं. शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं एका पावसाळ्यात विरतात. आंब्या-फणसाची चामड्यासारखी पानं मात्र ओली झाली की एकमेकांना चिकटतात, त्यांचा गठ्ठा होतो, आत हवा शिरत नाही आणि आंबूस वास सुटतो. ती आधी चुरावी लागतात. ढीग पसरून पोरांना वर नाचायला सोडणं, हे त्यावरचं सगळ्यांत स्वस्त यंत्र.

खरी फसगत पुढे होते. वाळक्या पानात नत्राच्या मानानं कर्ब साधारण पन्नास पट असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस पट मानवतो. नत्राची तूट ते मातीतून उचलतात. त्यामुळे कोरा पाला मातीत कालवून लगेच मेथी टाकली की ती पिवळी पडते, आणि शिव्या बियाणं विकणाऱ्याला बसतात! पाल्याच्या दर थरावर शेणकाला शिंपडावा. त्यात गोमूत्र आणि मूठभर गूळ घालावा. काळपट, पाणी सुटलेलाही चालतो, आणि गुळासाठी कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. पेरणीआधी दोन-तीन महिने तरी वाफा मुरू द्यावा. नंतरचा पाला मातीत न मिसळता वरच पसरावा, म्हणजे चैत्रातही ओल टिकते आणि गांडुळं तो आपल्या सवडीनं खाली ओढतात.

खचलेल्या वाफ्यात दरवर्षी भर घालावीच लागते. माल फुकट, पण त्याची वेळ ठरलेली: पानगळ माघ-फाल्गुनातली. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, तरी त्या दिवसांत सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर धूर दिसतोच. तेव्हा काडी ओढली जाण्याआधी दोन रिकामी पोती घेऊन तिथे पोहोचा.