दगडाचे रान

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परळच्या एसटी आगारातून साताऱ्याची रात्रीची गाडी धरली. या वेळी गावी जायचे कारण शादी नव्हते की उरूसही नव्हता. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे डोंगराच्या उतारावर आमच्या वाट्याची तीन एकर जमीन आहे. ती विकायची की ठेवायची, हे ठरवायचे होते.

गिऱ्हाईक आपणहून आले होते. त्याला शेती करायची नव्हती, मुरूम हवा होता. रस्त्याच्या भरावासाठी मुरमाला चांगली मागणी असते. धाकट्या भावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा आकडा ऐकून घरात सगळेच गप्प झाले होते. त्यात ती जमीन काय कामाची, असेच आमचे सर्वांचे मत. लहानपणापासून घरात तिचे नाव ‘दगडाचे रान’ असेच होते.

याच रानाने आमच्या दादांना मुंबई दाखवली. बाजरी एक वर्ष पिकायची आणि दोन वर्षे बुडायची, तेव्हा ते परळला आले आणि गिरणीत लागले. त्या काळी गिरणगावात कोकणातून आलेल्यांच्या बरोबरीने घाटावरची माणसे होती आणि त्यांतली कितीतरी अशाच कोरड्या डोंगरउतारांवरून आलेली. दादांच्या मागे अब्बा त्याच खात्यात लागले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा अब्बा आम्हाला घेऊन गावी गेले. त्यांनी त्या रानात बाजरी आणि मटकी पेरून पाहिली. पोट भरले नाही. पुन्हा परळ गाठून त्यांनी हातगाडीवर कापडाचे तुकडे विकले. अब्बांना त्या जमिनीचा राग होता आणि तो आमच्याकडेही आला होता.

साताऱ्याला उतरून आम्ही दहिवडीची गाडी घेतली. कोरेगाव सोडून वर्धनगडाचा घाट चढला की मुलूख बदलतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेसुद्धा अवघडच. सह्याद्रीने ढगांतले पाणी आधीच काढून घेतलेले असते. इकडे शंभू महादेवाच्या डोंगररांगा उघड्या, पिवळ्या दिसतात. उतारावर कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि बाकी सारा दगड.

गावी सलीम चाचा एकटे राहतात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते आम्हाला रानात घेऊन गेले. तीस वर्षांत आम्ही तिथे चार वेळाही गेलो नसू. चाचांनी कुदळ हातात दिली आणि म्हणाले, “मास्तर, पोरांना शिकवता ना? मग आधी खणून बघा. विकायचे मागून बोलू.”

वर सगळा मुठीएवढा काळा दगड पसरलेला होता. तो बाजूला केल्यावर काळसर तपकिरी माती लागली. ती वीतभरच. उन्हाने तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि ढेकूळ विटेसारखे कडक होते. त्याखाली पिवळट, भुसभुशीत मुरूम. तो हातभर खोल गेला तरी संपेना. मुरमात आणि मातीत मिळून पांढरे चुनखडीचे खडे होते.

आम्ही थोडी माती पाण्यात मळली. तिची दोरी वळली आणि त्या दोरीची बांगडीही झाली, तुटली नाही. वाळू जास्त असती तर हे जमले नसते. म्हणजे दगडांच्या मधे भरलेली ही माती चिकण होती. शिवरात शिरका होता, त्याचे दोन थेंब पांढऱ्या खड्यावर टाकले तर फेस आला. चुन्याची ती खूण. जिथे पाऊस भरपूर असतो तिथे चुना धुऊन जातो, माणसारख्या कोरड्या भागात तो जमिनीतच साठतो.

वर्गात हा धडा आम्ही कितीतरी वेळा शिकवला होता, पण आपल्याच रानात तो कधी वाचला नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि हा काळा कातळ झाला. कातळ झिजतो तेव्हा आधी त्याचा मुरूम होतो आणि मुरूम आणखी झिजून चिकणमाती. सपाट जागी ती साठते, उतारावर मात्र टिकत नाही. दर पावसात तिच्यातला बारीक भाग वाहून खाली जातो आणि जड दगड वरच राहतो. शिवाय ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि या फुगण्या-आकसण्यात दगड हळूहळू वर ढकलले जातात. म्हणून कितीही वेचले तरी पुढच्या वर्षी दगड हजर. ओढ्याकाठी जी काळी, खोल, कपाशी-ज्वारीची राने दिसतात, ती अशाच उतारांवरून उतरलेली माती आहे.

अशा रानात शेती का बुडते, तेही समजले. ओल असताना माती औताला चिकटते, वाळली की कुदळीलाही ऐकत नाही. मधला वाफसा दोन-चार दिवसांचाच. तेवढ्यात पेरले तर पेरले. आणि माती वीतभरच असल्याने पावसाने पंधरा दिवस दडी मारली की पीक माना टाकते. अब्बा आळशी नव्हते, त्यांना हे दोन-चार दिवस कोणी ओळखायला शिकवले नव्हते. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या माणसाला ते कुठून कळणार?

आमच्या रानाच्या खाली एका मराठा शेतकऱ्याची विहीर आहे. ते बांधावर येऊन बसले. विक्रीची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, “मास्तर, जमीन तुमची, आमी काय बोलणार? पर ह्यो मुरूम उचलला की माझी हीर संपली बगा.”

आम्हाला वाटले, शेजारी म्हणून बोलत आहेत. चाचांनी समजावले. कातळात पाणी मुरत नाही, पाणी धरतो तो झिजलेला मुरूम आणि त्याखालच्या फटी. वरच्या रानात पडलेला पाऊस मुरमात शिरतो, हळूहळू खाली झिरपतो आणि विहिरीला लागतो. मुरूम काढून कातळ उघडा केला तर तेच पाणी तासाभरात ओढ्यातून निघून जाईल. त्या विहिरीवर तीन घरे जगतात. चाचांच्या घरचे पिण्याचे पाणीही तिथलेच. 1972 च्या दुष्काळात गावात वुजूपुरते पाणी नव्हते, लोक तयम्मुम करीत होते, तेव्हाही ही विहीर पिण्यापुरती टिकली होती, असे चाचा सांगतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. अर्धा तास नुसता कोसळला. समोरच्या टेकडीचा मुरूम दोन वर्षांपूर्वी कोणीतरी उचललेला आहे. तिथून चहाच्या रंगाचे पाणी लोंढ्याने खाली आले आणि थांबले तसे संपले. आमच्या रानात थेंब आधी दगडांवर फुटत होते, मातीवर त्यांचा मार बसत नव्हता. भेगांनी पाणी पिऊन घेतले. दादांनी कधीकाळी दगड रचून घातलेली एक जुनी ताल आहे, अर्धी ढासळलेली. तिच्या वरच्या अंगाला पाणी थांबले होते आणि तिथेच माती सर्वांत खोल होती. ज्या दगडांना आयुष्यभर शिव्या दिल्या, ते माती धरून बसले होते.

सूरह बकरहमध्ये दिखाव्याच्या दानाला एक दृष्टांत दिला आहे. गुळगुळीत खडकावर थोडी माती आणि जोराचा पाऊस येऊन खडक उघडा पडतो. ती आयत आम्ही लहानपणापासून ऐकली आहे, पण समोरची टेकडी पाहताना तिचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या रात्री भावाला फोन केला. तो रागावला. “तुमचे ठीक आहे, फी मला भरायची आहे,” म्हणाला. त्याचे चूक नव्हते. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आम्ही म्हणालो की पहिल्या वर्षाची निम्मी फी आम्ही भरू, उरलेल्यासाठी पतपेढीचे कर्ज काढू. आमच्या सौभाग्यवतींनी बांगड्यांचे नाव काढले, ते मात्र आम्ही टाळले. मुलीनेच शेवटी बापाला सांगितले, “अब्बा, दुसऱ्यांचे पाणी विकून मला शिकायचे नाही.”

जमीन विकली नाही. ती नांगरायचीही नाही, असे ठरले. ढासळलेली ताल पुन्हा रचायची, उताराला आडवे चर खणायचे, दगड वेचायचे नाहीत. पाऊस पडला की सीताफळ आणि बोर लावायचे, मधे गवत वाढू द्यायचे. शेळ्यांसाठी गवत चाचा कापून नेतील, पण चराई बंद. चराचे अर्धे काम शेजाऱ्यांनी आपणहून अंगावर घेतले. उत्पन्न किती होईल? फार नाही. कर्जाचे हप्ते तर आमच्या पगारातूनच जायचे आहेत.

परत येताना एका बाटलीत ती माती आणली. शाळा उघडली की पाणी घालून हलवायची आणि मुलांसमोर ठेवायची. खडे लगेच बसतील, रेती मिनिटभरात, पण चिकणमातीने गढूळ झालेले पाणी दुसऱ्या दिवशीही निवळणार नाही. आमच्या चाळीजवळ गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणत आहेत. खड्ड्यात वाकून पाहिले तर तळाशी तोच काळा कातळ. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजे-पणजे अशाच कुठल्या तरी दगडाच्या रानातून इथे आले. तुमच्याही घरी सातबाऱ्यावर असा एखादा तुकडा पडून असेल, तर वाचकहो, सौदा करण्याआधी एकदा तिथे जा. वीतभर खणा आणि खाली कोणाची विहीर आहे, ते विचारून या.