दुसरी चूल

गेल्या धनत्रयोदशीला पुण्याहून भाचा आला, तो नेहमीसारखा हसत नव्हता. आठ महिने खपून केलेले त्याचे काम परत आले होते.

तो लिनक्सच्या कर्नलवर काम करतो. 'कर्नल' हा शब्द ऐकल्यापासून आमची आई त्याला फौजेतलाच समजते! हा कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. आज आपल्या हातातले अँड्रॉइड फोनही त्यावरच चालतात.

"मामा, मी लिहिलेले चालत होते हो!"

"मग अडले कुठे?"

"नुसते चालून भागत नाही, म्हणाले. यंत्राची उष्णता सांगणारी चिप होती. मी तिच्यासाठी सगळी नवी व्यवस्था उभी केली. पण तशी चौकट तिथे आधीच आहे. चिप कोणाचीही असो, आकडा अंशाच्या हजाराव्या हिश्शात सांगायचा. सदतीस अंश म्हणजे ३७०००. मग तो कोणत्याही प्रोग्रॅमला कळतो. माझ्या चिपने वेगळी भाषा काढली, तर ती सगळ्यांनी शिकायची. आणि उद्या मी नोकरी सोडली, तर ती सांभाळायची कोणी?"

मोठमोठ्यांचेही असेच झाले आहे, असे तो म्हणाला. अनेक प्रोग्रॅमना एकच स्मृती वाटून घेता यावी म्हणून अँड्रॉइडने 'ॲशमेम' नावाची स्वतःची सोय केली होती. २०१४ मध्ये कर्नलमधल्या जुन्याच सोयीत भर घालून 'मेमएफडी' आली. २०२२ मध्ये ॲशमेम कर्नलमधून काढून टाकली.

संध्याकाळी आम्ही किल्ल्याकडे गेलो. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा हा आमचा बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आरंभला आणि एलिचपूरच्या इस्माईलखानाने १७५७ साली पुरा केला. पुढे त्यात सरकारी कचेऱ्या बसल्या. कचेरीसाठी दुसरा तट कोणी बांधला नाही. आहे त्या तटाच्या आत टेबले मांडली.

हे मी भाच्याला ऐकवत होतो खरा, पण मनात चोर होता. माडीवर दुसरे स्वयंपाकघर बांधायचे मी ठरवले होते. आईने बसवून घेतलेला ओटा ठेंगणा. नव्या सुनेची वाकून वाकून पाठ दुखे. वाद नको, म्हणून वेगळी सोय!

रात्री आईला कळले. ती एवढेच म्हणाली, "काहून रे बापा? हे चूल का मेली हाय?"

मी गप्प बसलो. भाच्याकडे पाहिले, तर तो हसला, आल्यापासून पहिल्यांदाच. "आजी, जुन्या चौकटीनेही थोडे सरकावे लागते," तो म्हणाला. "माझ्या चिपची एक गोष्ट तिथे मावत नाही. तेवढी भर घाला, असे मी त्यांना विचारणार आहे. तुमचा ओटा उंच होईल का?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वीतभर."

भाऊबीजेनंतर गवंडी आला. भाच्याची मागची खटपट पानेच्या पाने गळाली. उरलेले थोडेसे पुढे स्वीकारले गेले. घरी ओटा वीतभर उंच झाला आणि आईला आता मागच्या फळीवरचा डाळीचा डबा हाती लागत नाही. ती हाक मारते. सून येऊन काढून देते. कधी कधी दोघी भांडतात. पण चूल एकच आहे.