दस्तरखानावर मासळी

२०२३च्या डिसेंबरात घरातले थोरले भाईजान गेले. वय ४४. रात्री छातीत जळजळू लागले, पित्त असेल म्हणून सोडा प्यायले आणि फजरच्या अजानपूर्वी सारे संपले. चाळिसावा झाल्यावर आम्ही नवराबायकोने रक्त तपासून घेतले. एकीचा अहवाल बरा होता. दुसऱ्याचे वाईट कोलेस्टेरॉल १६८ निघाले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मटण, कलेजी, तळलेलं बंद. मासे खा, पण कालवण करून." कोंबडीला त्यांची हरकत नव्हती. पण आम्हाला आमचा स्वभाव ठाऊक. कोंबडीची फट ठेवली की तिच्यातून बकरा आत येणार! म्हणून फेब्रुवारीपासून सहा महिने फक्त मासळी, असे ठरवले.

आमच्यापैकी एकीचे माहेर रत्नागिरीचे. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की घरात बांगडा शिजणारच. दुसऱ्याचा जन्म सोलापूरचा, काट्याला घाबरणारा. इथे मासा म्हणजे उजनीचा. कटला, रोहू, चिलापी, आणि नशीब असेल तर मरळ. समुद्राची मासळी येते ती बर्फात झोपून. शिवाय नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. मटण दोन पाण्यांत धुऊन होते, मासळीला बादली लागते. त्या उन्हाळ्यात उजनी धरणही उणे पातळीत गेलेले. मासे धुतलेले पाणी आम्ही लिंबाच्या झाडाला घालत होतो, आणि गल्लीतल्या साऱ्या मांजरी त्या झाडाखाली मुक्काम करून होत्या.

मजहबाची अडचण नव्हती. माशाला जबह करावे लागत नाही. पण माहेर शाफई, सासर हनफी. कोकणात कोळंबी निःशंक खातात. हनफी आलिमांत मात्र ती मासा की नाही यावरच मतभेद आहेत. अम्मी, म्हणजे सासूबाई, कोळंबीला किडा म्हणतात. कोळंबीचा पुलाव झाला त्या दिवशी त्यांनी लोणच्याशी भाकरी खाल्ली.

तो राग कोळंबीवरचा आहे, असे आम्ही समजत होतो. रमजानमध्ये उलगडा झाला. इफ्तारनंतर त्या म्हणाल्या, "गोश्त नहीं तो दस्तरखान कैसा?" हे नेहमीप्रमाणे कोलेस्टेरॉल समजावू लागले. अम्मी ऐकत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातच्या सालननं बडा गेला, असंच ना?"

आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही. बी.एड.ला मुलांचे मानसशास्त्र शिकवले होते, पण आईला काय सांगावे ते त्यात नव्हते. भाईजानना नळी आवडायची. अम्मी ती वेगळी काढून ठेवायच्या, चाळीस वर्षे. आम्ही मटण सोडले तेव्हा त्या नळीवरच बोट ठेवले होते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

बाहेरच्यांनी तर आपापला अर्थ लावला. २०१५च्या मार्चमध्ये बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा मोहल्ल्यातल्या खाटीकचाचांनी मोठ्याचे दुकान बंद करून कोंबड्या ठेवल्या होत्या. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हीसुद्धा घाबरलात?" एका प्रशिक्षणात डबा उघडला तेव्हा शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "मटण सोडलंत? बरं झालं, सुधारलात." चाचांचे बोलणे लागले, पण कौतुक जास्त लागले. आम्ही घाबरलो नव्हतो आणि सुधारलोही नव्हतो. आमच्या घरातले एक माणूस गेले होते.

जूनमध्ये खरी परीक्षा झाली. १ जून ते ३१ जुलै कोकणात मासेमारी बंद. माहेरहून सुके बोंबील आणि जवळा आला, पण खारवलेल्या मासळीचे मीठ डॉक्टरांना पसंत नव्हते. आठवड्यातून एकदाच, तेही पाण्यात भिजवून, अशी परवानगी मिळाली. त्यातच १७ जूनला बकरी ईद. कुर्बानीचे तीन हिस्से झाले. नातेवाइकांचा गेला, गरिबांचा गेला, आमचा उरला. अम्मींनी दरवर्षीप्रमाणे कलेजी परतली. वासाने घर भरून गेले. नमाजहून आल्यावर पहिला घास कुर्बानीचा, ही रीत. यांनी एक तुकडा उचलला. अम्मींनी ताटली लगेच मागे घेतली. "बस. एकच."

आमचा हिस्साही त्यांनी स्वतःच वाटून टाकला, आणि संध्याकाळी मोरीशी बसून बोंबलांची डोकी मोडू लागल्या. कशी मोडायची ते आमच्यातल्या कोकणीने दाखवले, तर म्हणाल्या, "कळतं मला."

ऑगस्टमध्ये पुन्हा तपासले. १६८चे १२४ झाले होते. श्रेय गोळीचे की मासळीचे, हे डॉक्टरांनाही वेगळे करून सांगता आले नाही. घरी आल्यावर अम्मींनी कागद हातात घेतला. अक्षरे इंग्रजी, तरी बराच वेळ पाहत राहिल्या.

"आधीच बंद केलं असतं तर बडा वाचला असता?"

"त्यांची तंबाखू होती, अम्मी. बीडीही होती," हे म्हणाले. "आणि आपण कधी रक्त तपासलंच नव्हतं."

त्यांनी कागद घडी करून कपाटात भाईजानच्या फोटोमागे ठेवला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "उद्या मरळ मिळाला तर आण. चिलापीत काटे फार."