मुद्दल आणि व्याज

हिवाळ्यात राजापेठेतील जैन घरांमध्ये पाच वाजले की घाई सुरू होते. डिसेंबरात अमरावतीचा सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि शाळेची व्हॅन सव्वापाचला दारात येते. लग्नसराईचे दिवस असल्याने मुलाचे वडील रात्री नऊपर्यंत दुकानात. आताशा आईही काउंटर सांभाळते. तेव्हा सूर्यास्तापूर्वी नातवंडांना जेवू घालण्याचे काम आजी-आजोबांकडे येते. (कुठे त्यांना दादाजी-दादी म्हणतात, घास तोच.) चौविहार सहा वर्षांच्या पोरावर लादू नये, हे खरेच. परंतु आजोबांच्या आधी ताट संपवण्याची चुरस लागली की नियमाची आठवणही कोणाला राहत नाही. जेवण झाले की उरलेल्या उजेडात गच्चीवर जायचे आणि बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीचे डबे मोजायचे. दोघांची बेरीज सहसा जुळत नाही.

या घरांतले खेळही पाठशाळेतून आलेले असतात. आजोबांनी लांछन सांगायचे, नातवाने तीर्थंकर ओळखायचे. बैल म्हणताच ऋषभदेव, हत्ती म्हणताच अजितनाथ, घोडा म्हणताच संभवनाथ. मग उलटतपासणी सुरू होते. गेंडा कोणाचा? श्रेयांसनाथांचा. कासव? येथे चाळीस वर्षे खतावणी तोंडपाठ असलेला गृहस्थ अडखळतो आणि पोर आनंदाने ओरडते, ‘मुनिसुव्रत!’ तो आनंद पुन्हा पाहता यावा म्हणून पुढच्या वेळी आजोबा उत्तर ठाऊक असूनही अडखळतात.

आजीचे सुख निराळे. ती सामायिकाला बसली की नात शेजारी आपले छोटे आसन पसरते. अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी पहिली पाच ती अगदी निश्चल असते. मग बोलायचे नाही म्हणून बोटांनीच विचारते, किती राहिली? आजीही बोटांनीच उत्तर देते आणि ओठ दाबून हसते. समभावाच्या साधनेत एवढा अतिचार क्षम्य असावा.

मुद्दलापेक्षा व्याज गोड, असे व्यापारी घरांत नातवंडांविषयी नेहमी म्हटले जाते. पण व्याज चढते ते मुद्दलावरच, आणि या मुद्दलाचे बालपण आजोबांनी फारसे पाहिलेले नसते. मुले उठण्याआधी पेढी उघडायची, ती झोपल्यावर घरी यायचे. घर उभे राहिले ते त्याच कष्टांवर. यात दोष शोधू नये. मात्र ज्याला त्या वेळी वडील मिळाले नाहीत, तो मुलगा आज समोरच असतो. आपल्या वाट्याला न आलेला खेळ आपल्या मुलाच्या वाट्याला आलेला तो पाहतो, आणि बहुधा बोलत नाही.

राजापेठेतीलच एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी गेल्या संवत्सरीला नातवाने सर्वांपुढे हात जोडले आणि मग वडिलांना विचारले, ‘पप्पा, तुम्ही लहान होते तेव्हा दादाजी तुमच्याशी लांछनांचा खेळ खेळायचे?’

‘दादाजींना तेव्हा वेळ नव्हता, बेटा,’ मुलगा म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती.

पिता-पुत्र दरवर्षीच एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत; दुकानाची चावी हातात असताना, जाता जाता. या वर्षी वडिलांनी मुलासमोर जोडलेले हात बराच वेळ सोडले नाहीत. दोघांपैकी कोणीही अधिक काही बोलले नाही.

दिवाळीनंतर मात्र आठवड्यातून दोन दिवस, दुपारी साडेचारला, ते स्वतः दुकानात येऊ लागले. मुलाला त्यांनी एवढेच सांगितले, ‘मी बसतो गादीवर, तू घरी जा. आज पोराबरोबर तू जेव.’ त्या दोन संध्याकाळी त्यांच्या वाट्याला ना ताटाची चुरस, ना गच्ची, ना गाडी. साठी ओलांडलेल्या माणसासाठी हा त्याग लहान नव्हे. शिवाय गुडघेही दुखतात.

पहिल्याच आठवड्यात दुकानातला फोन वाजला.

‘दादाजी, पप्पांना कासवसुद्धा येत नाही!’

समोर गिऱ्हाईक दहा साड्या उलगडून बसले होते. आजोबांनी हातानेच त्यांना क्षणभर थांबायला सांगितले आणि फोनवर आवाज खाली आणून म्हणाले, ‘तू सांगू नकोस हं. जेवण होईपर्यंत त्याला विचार करू दे.’