लीजवर माझं नाव नव्हतं

"एक ईमेल टाकला की तुझा व्हिसा गेला. नाशिकचं तिकीट मीच काढून देतो." नवऱ्याची ही धमकी धादांत खोटी होती, याचा राग मला मारहाणीपेक्षा जास्त येतो.

३०९चा, म्हणजे जोडीदाराचा तात्पुरता व्हिसा, मेलबर्नजवळ टार्नीटला घर, मग एका रात्री पोलीस. पुढचं सांगत बसत नाही. स्पॉन्सरशिप तो मागे घेऊ शकत होता, पण व्हिसा रद्द करणं त्याच्या हातातच नव्हतं, ते सरकारचं काम. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात, छळामुळे संसार मोडला तरी कायमच्या व्हिसाचा अर्ज पुढे नेता येतो. मोफत कायदा केंद्रातल्या वकीलबाईंनी हे सांगितलं, तेव्हा मला खरंच वाटेना.

छळाचे कागद जमले. शपथपत्र आणि जोडीला निदान दोन वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे लागतात. डॉक्टरांचा अहवाल होता, पोलिसांची नोंद होती. अडलं ते संसार खरा होता हे दाखवताना! पैसा, घर, चारचौघांतली ओळख, बांधिलकी, सगळं बघतात. लग्नाचे फोटो नाशिकहूनच दिले होते, पण इथे आल्यानंतरचं काय? जॉइंट अकाउंट त्याने उघडू दिलं नाही. लीज, वीजबिल, इंटरनेट त्याच्या नावावर. घरी कोणाला बोलावायचं नाही, मग आम्हाला जोडीने पाहिलं कोणी? पैशांची अशी कोंडी करणं हासुद्धा छळच, हे कायदा मानतो. पण त्याच कोंडीने माझ्या संसाराचा कागद शिल्लक ठेवला नाही, त्याचं काय करायचं? मी रात्र रात्र फोन उपसला. "दूध आण", "भेंडी नको", असले मेसेज. एकात त्याने लिहिलं होतं, "माझी बायको म्हणून राहायचं तर तोंड बंद ठेव." वकीलबाईंनी तो मेसेज दोन्हीकडे लावला, संसाराच्या पुराव्यात आणि छळाच्याही.

लग्न ठरवताना मुलीकडचे लोक पगार बघतात, पत्रिका बघतात. घराच्या लीजवर मुलीचं नाव घालणार का, हेही विचारा की! विचारलं तर स्थळ हातचं जाईल म्हणतात. जाऊ दे.

व्हिसा मिळाला. त्या कायद्याला मी इतकी नावं ठेवते, पण तो नसता तर आज मी नाशिकला असते. संसार खरा होता हे सांगणाऱ्या साक्षीदारांसाठी ८८८ नंबरचा फॉर्म असतो. गणपतीच्या आरतीला आम्हाला एकत्र पाहिलेल्या मंडळातल्या काकूंना तो भरून मागितला, तर म्हणाल्या, "आमचं दोघांशीही चांगलं आहे गं." त्यांच्यावर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. आहे.