मदुराईच्या गल्लीतले वीणेचे घर

तमिळ माणसाला आपल्यासारखे आडनाव नसते. नावाच्या आधी दोन अक्षरे असतात, बहुधा एक गावाचे आणि एक वडिलांचे. थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावातले ‘एम’ म्हणजे मदुराई. ‘एस’ मात्र वडिलांचे नाही. ते षण्मुखवडिवू या त्यांच्या आईचे. कचेरीत वीस वर्षे अर्ज तपासणाऱ्या आम्हा कारकुनांना या एका अक्षराचे मोल कळते. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा राहिला की टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईची मान कशी खाली जाते, ते आम्ही पाहिलेले आहे.

म्हणून प्रवास सवलतीत सहकुटुंब दक्षिणेला गेलो, तेव्हा मदुराईसाठी दोन दिवस राखून ठेवले. मीनाक्षी मंदिराभोवती हे शहर चौकोनात चौकोन बसवावा तसे वसले आहे. रस्त्यांना आडी, चित्तिरै, मासी अशी तमिळ महिन्यांची नावे. जिकडे तिकडे मोगऱ्याचे ढीग. मंदिराच्या आतल्या भागात हिंदूंखेरीज कुणास प्रवेश नाही अशी पाटी आहे. आम्ही बौद्ध, आम्हाला काही दर्शन घ्यायचे नव्हते. पण ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यर यांनी कक्कन आदी दलित कार्यकर्त्यांना याच मंदिरात नेले आणि शतकांची बंदी मोडली, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगितले. कक्कन पुढे मद्रास राज्याचे मंत्री झाले.

मंदिरापासून जवळच हनुमंतरायन कोविल नावाची गल्ली आहे. दुकानांची, हातगाड्यांची गर्दी. तिथे एका जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर वीणा घडवलेली दिसते. त्या कुटुंबातले आता तिथे कुणी राहत नाही. १६ सप्टेंबर १९१६ रोजी जन्मलेली कुंजम्मा, म्हणजे आपल्या सुब्बुलक्ष्मी, याच गल्लीत वाढली. आई वीणा वाजवी, आजी अक्कम्माळ व्हायोलिन. भाऊ शक्तिवेल मृदंग शिकला, बहीण वडिवांबाळ वीणा. दारात संगीत शिकवायला कुणी मोठी संस्था नव्हती; घर हीच शाळा होती.

ही शाळा कशी चाले ते ऐकण्यासारखे आहे. पहिली गुरू आई. वीणेवर आई जे वाजवी ते मुलीने गळ्यातून जसेच्या तसे काढायचे. वीणेत सूर ओढून वर नेतात, तो पडद्यांच्या मधल्या जागांतून सरकत जातो. ते गळ्याने साधायचे म्हणजे कानाची केवढी तयारी हवी! तंबोरा स्वतः जुळवायचा. तंजावरकडच्या तंबोऱ्याचे बूड फणसाच्या लाकडाचे असते, आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा असतो; पण तारा चारच. कुंजम्मा तंबोऱ्याबरोबर षड्ज लावी, मध्येच तारा थांबवून एकटीच गात राही आणि पुन्हा तारा छेडून बघे, सूर हलला की जागेवर आहे. हा तिचा खेळ होता. आमची मुलगी म्हणाली, हे तर गणिताचा ताळा करून बघण्यासारखे झाले. अगदी बरोबर.

दुसरा खेळ ग्रामोफोनचा. कागदाचा कर्णा करायचा आणि त्यातून तबकडीसारखे गायचे. दहाव्या वर्षी तिची खरोखरच तबकडी निघाली. शाळा मात्र पाचवीच्या आसपास सुटली. पुढे मदुराई श्रीनिवास अय्यंगार, सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांच्याकडे शिक्षण झाले; हिंदुस्थानी संगीत शिकवले ते मूळच्या कोल्हापूरच्या पंडित नारायणराव व्यासांनी.

आता त्या ‘एस’ अक्षराकडे येऊ. हे घर देवदासी परंपरेतले. त्या घराण्यांत नाव, घर आणि कला आईकडून मुलीकडे जात. पण त्याबरोबर धनिकाच्या आश्रयाचा फासही आईकडून मुलीकडे जाई. आपल्याकडच्या मुरळी-जोगतिणी बहुतेक दलित घरांतल्या, तिकडची जात वेगळी, फास तोच. मुलीला अशाच एका श्रीमंताच्या आश्रयास ठेवण्याचे आईच्या मनात होते, असे चरित्रकार लिहितात. १९३६ साली सुब्बुलक्ष्मी घर सोडून मद्रासला निघून गेल्या. वीस वर्षांची मुलगी ती. त्याच वर्षी जून महिन्यात परळच्या दामोदर हॉलमध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणींची सभा घेऊन हे लाजिरवाणे जिणे सोडा असे बजावले होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वर्ष एकच, हे आम्हाला सारखे आठवत राहिले.

मद्रास प्रांतात या प्रथेविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी लढल्या. त्यांच्या स्वतःच्या आईही देवदासी घराण्यातल्याच. मुली देवाला सोडण्यास बंदी करणारा कायदा १९४७ साली झाला. तो झाला ते उत्तमच. आमची तक्रार वेगळी आहे. या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या सभागृहांनी उचलली, तिला प्रतिष्ठेची शाल पांघरली आणि बायकांना दाराबाहेर ठेवले. ज्यांनी मळा राखला त्यांना टोपलीभर भाजी नाही, असा हा न्याय.

सुब्बुलक्ष्मींना मात्र आत घेतले गेले. १९४० साली त्यांचे सदाशिवम या ब्राह्मण गृहस्थांशी लग्न झाले. सदाशिवम यांनी पत्नीची कीर्ती जगभर नेली यात शंका नाही. पण त्याबरोबर बोलीची ढब, राहणी, गाण्याची निवड सारे ब्राह्मणी वळणाचे होत गेले आणि मदुराईच्या गल्लीविषयी बोलणे कमी कमी होत गेले. लग्नाआधी, १९३८ साली त्यांनी ‘सेवासदनम’ चित्रपटात काम केले होते. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या आणि पुढे वाऱ्यावर टाकलेल्या मुलीची ती कथा, मूळ प्रेमचंदांची. ती भूमिका करताना त्यांना काय वाटले असेल?

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात गायन, १९६८ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीची ‘संगीत कलानिधी’ पदवी, ती मिळवणारी पहिली स्त्री. १९९८ साली भारतरत्न. ११ डिसेंबर २००४ रोजी चेन्नईत निधन. कार्यक्रमांची लक्षावधींची कमाई त्यांनी दानधर्मात दिली. आणि आईचे अक्षर नावातून शेवटपर्यंत काढले नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही सेतुपती हायस्कूल पाहायला गेलो. कवी सुब्रमण्य भारती १९०४ साली इथे तमिळ शिकवत. लहानपणी एकदा इथे आईचे वीणावादन चालू होते आणि कुंजम्मा बाहेर चिखलाचे गोळे करीत बसली होती. कुणीतरी तिला उचलले, हात आणि परकर झटकून आईशेजारी मंचावर ठेवले. आईने सांगितले म्हणून ती गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीचे लक्ष मात्र बाहेरच्या मातीकडे होते.